कथा स्पर्धेला पाठवली होती, देऊन टाकली नव्हती

(अप्रकाशित लेखकांसाठी कथास्पर्धा घेणाऱ्या एका साहित्यसंस्थेच्या कार्यकारिणीस खुले पत्र)

माननीय अध्यक्ष, कार्यवाह आणि स्पर्धा समितीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

अप्रकाशित लेखकांसाठी आपण घेत असलेल्या कथास्पर्धेची या वर्षीची घोषणा गेल्या आठवड्यात माझ्या वाचनात आली. नियमपत्रिका मी सावकाश, दोनदा वाचली. गेल्या वर्षीचा अकरावा नियम याही वर्षी त्याच शब्दांत आहे: ‘स्पर्धेसाठी आलेल्या सर्व साहित्याचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील.’ या एका ओळीमुळे माझ्या कथेचे काय झाले, हे मी आपल्याला फेब्रुवारीत आणि पुन्हा एप्रिलमध्ये रजिस्टर पोस्टाने कळवले होते. दोन्ही पत्रांच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत, उत्तर एकाचेही आले नाही. म्हणून हे तिसरे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. संस्थेचे नाव मी मुद्दाम घातलेले नाही, कारण आपली बदनामी व्हावी अशी माझी इच्छा नाही. शिवाय व्यवसायाच्या निमित्ताने अनेक स्पर्धांच्या नियमपत्रिका माझ्या हातून गेल्या आहेत आणि हीच ओळ मी त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे.

मी बार्शीत डीटीपीचे काम करते. एकोणीस वर्षे झाली. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि मधूनमधून कुणाचे आत्मचरित्र किंवा कवितासंग्रह, असे काम असते. दुसऱ्यांची हस्तलिखिते टाइप करता करता, त्यांची प्रुफे वाचता वाचता, वयाच्या चाळिशीनंतर मी स्वतः लिहू लागले. दुकान रात्री साडेआठला बंद होते. त्यानंतरचा तासभर माझा असतो. त्या तासाभराच्या हिशेबाने एक सात पानांची कथा पूर्ण व्हायला मला चौदा महिने लागले. आपली स्पर्धा जाहीर झाली तेव्हा शीर्षकातला ‘अप्रकाशित लेखकांसाठी’ हा शब्दप्रयोग वाचून मला खरोखर आनंद झाला, कारण ज्याचे नाव कुठेच छापून आलेले नाही, ज्याची कुणा संपादकाशी ओळख नाही, अशा माणसाला कुणी तरी स्वतःहून बोलावते आहे, असे त्यातून जाणवत होते. तो आनंद खोटा नव्हता. म्हणूनच पुढे जे झाले ते मुकाट्याने सोडून देणे मला जमत नाही.

ऑक्टोबरमध्ये आपला एका ओळीचा ईमेल आला: ‘आपली कथा पूर्वप्रकाशित असल्याचे निदर्शनास आल्याने प्रवेशिका बाद करण्यात येत आहे.’ कुठे प्रकाशित, कधी, कुणाच्या निदर्शनास आले, यांपैकी काहीच त्यात नव्हते. फोन केल्यावर कळले की आमच्या वाचनालयाच्या भित्तिपत्रकात ती आली होती, असे कुणी तरी कळवले आहे. हे खरे आहे. त्या कथेची पहिली, दीड पानाची हस्तलिखित आवृत्ती मराठी भाषा गौरव दिनाला वाचनालयाच्या जिन्यापाशी पंधरा दिवस टाचण्यांनी लावलेली होती. पुढे मी ती कथा पूर्ण मोडली आणि नव्याने लिहिली. तिच्यात पात्र तेच राहिले, वाक्य एकही तेच राहिले नाही. तरीही नियम म्हणजे नियम, हे मी मान्य केले असते, जर नियमात तसे कुठे लिहिलेले असते. आपल्या नियमपत्रिकेच्या शीर्षकात ‘अप्रकाशित लेखक’ आहे आणि आत तिसऱ्या नियमात ‘अप्रकाशित कथा’ आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्याचे चार संग्रह आलेले असले तरी त्याची नवी कथा अप्रकाशित असू शकते. उलट एखाद्याचे एकही पुस्तक नसताना त्याची एक कथा कॉलेजच्या वार्षिकात येऊन गेलेली असू शकते. आपल्याला यांपैकी कोण हवा आहे? भित्तिपत्रक, शाळेचे हस्तलिखित, व्हॉट्सॲपच्या गटावर टाकलेला उतारा, एखाद्या संमेलनात केलेले कथावाचन, यांपैकी काय प्रकाशन समजायचे? ज्यांच्यासाठी स्पर्धा आहे त्या लोकांचे लेखन नेमके अशाच जागी पहिल्यांदा दिसते, तेव्हा या प्रश्नांची उत्तरे आधी लिहून ठेवणे हे आयोजकांचे पहिले काम आहे. राष्ट्रकुल लघुकथा पुरस्काराच्या नियमांत ही गोष्ट सरळ सांगितलेली असते: कथा अप्रकाशित हवी, लेखक प्रकाशित असला तरी चालेल, आणि प्रवेश विनाशुल्क. (तिथे बंगाली आणि तामिळ लेखक आपल्या भाषेतली कथा थेट पाठवू शकतात, मराठीला ती सोय नाही. त्यामुळे मराठीतल्या स्पर्धा आमच्यासाठी अधिकच मोलाच्या आहेत, हेही इथे सांगून ठेवते.)

प्रवेशिका बाद झाली, एवढ्यावर विषय संपला असता तर मी हे पत्र लिहिले नसते. जानेवारीत एक ओळखीचे शिक्षक दुकानात आले आणि आपण प्रसिद्ध केलेला स्पर्धेतील निवडक कथांचा संग्रह टेबलावर ठेवून म्हणाले, “ताई, अभिनंदन. यात तुमची कथा आहे.” मी पुस्तक उघडले. पान 83. वर माझे नाव, खाली माझी कथा. जी कथा पूर्वप्रकाशित म्हणून स्पर्धेतून बाद ठरली, तीच कथा मला एका शब्दाने न विचारता आपण छापलीत. फोनवर खुलासा मिळाला तो असा, की अकराव्या नियमाप्रमाणे आलेल्या सर्व साहित्याचे हक्क संस्थेकडे आहेत आणि परीक्षकांना कथा आवडली होती. परीक्षकांना ती आवडली याचे समाधान मला आहेच, पण स्पर्धेत बसायला कथा अपात्र आणि पुस्तकात छापायला पात्र, हे कोणत्या न्यायाने?

यापुढची गोष्ट मला सर्वांत जास्त लागली आहे, म्हणून ती जरा विस्ताराने सांगते. कथेत एक बारा-तेरा वर्षांची मुलगी आजीने निवडून ठेवलेली ज्वारी घेऊन गिरणीत जाते. आजी वारली आहे. हे वाचकाला दोन पाने आधीच, घडी करून माळ्यावर टाकलेल्या वाकळेवरून कळलेले असते. गिरणीवाल्याला मात्र ते ठाऊक नाही. तो डबा उचलता उचलता विचारतो, “आज्जीला कसं लागतंय, बारीक का जाड?” मुलगी म्हणते, “जाडच.” तिथे कथा संपते. त्या एका ‘जाडच’पर्यंत यायला मला चार महिने लागले. आधी ती रडत होती, मग गप्प राहत होती, मग डबा टाकून पळत होती. एके दिवशी मी स्वतः गिरणीत रांगेत उभी असताना मला ते उत्तर ऐकू आले, आणि कथा पूर्ण झाली हे मला समजले.

आपल्या पुस्तकात त्या शब्दानंतर आणखी दोन वाक्ये आहेत: ‘तिला ठाऊक होते की आजी आता कधीच भाकरी खाणार नाही. तिच्या डोळ्यांतून घळाघळा अश्रू वाहू लागले.’ ही सोळा शब्दांची दोन वाक्ये मी लिहिलेली नाहीत. ती कुणी लिहिली हे मला माहीत नाही, पण ती माझ्या नावाखाली छापलेली आहेत. शिवाय गिरणीवाल्याचे बोलणे ‘आजीला कसे लागते, बारीक की जाड?’ असे ‘शुद्ध’ करून घेतलेले आहे. मी रोज दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारते, त्यामुळे शुद्धलेखनाचे महत्त्व मला कुणी शिकवण्याची गरज नाही. पात्राच्या तोंडचे बोलणे ते जसे बोलते तसे लिहिण्याची मुभा शासनमान्य लेखननियमांतही दिलेली आहे. त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याचा अभिमानाने उल्लेख आहे. तो अभिमान मलाही आहे. पण बार्शीच्या गिरणीतले ‘लागतंय’ हेही त्याच मराठीचे आहे, आणि ते पुसून टाकण्याचा अधिकार कुणालाही नाही.

संपादनाला माझा विरोध नाही. नवख्या लेखकाला चांगला संपादक मिळणे हे भाग्यच असते. 1982 साली बंद झालेल्या ‘सत्यकथा’ मासिकाच्या काळात संपादक राम पटवर्धन नवोदितांना पत्रे लिहून कथेत कुठे काय कमी पडते ते कळवत, आणि लेखक ती पुन्हा लिहीत असे, हे मराठी वाचकांना माहीत आहे. बदल सुचवणे संपादकाकडे आणि करणे लेखकाकडे, अशी ती रीत होती. ज्यांची कथा घ्यायची नसे त्यांना ‘साभार परत’ अशी चिठ्ठी लावून हस्तलिखित पाठवले जाई, आणि लेखकही स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकिटे लावलेले पाकीट सोबत जोडत. ते पाकीट परत आले की वाईट वाटत असेल, पण कागद ज्याचा त्याच्या घरी पोहोचत असे. आपल्याकडे पाठवलेली कथा नाकारली तरी परत येत नाही, असा अकराव्या नियमाचा अर्थ आहे.

आता कायद्याबद्दल. मी वकील नाही, पण कॉपीराइट अधिनियम, 1957 मधली यासंबंधीची कलमे मी वाचली आहेत, आणि आपल्या कार्यकारिणीतही ती वाचू शकणारे जाणकार आहेत. कलम 17 प्रमाणे कथेचा पहिला हक्कदार ती लिहिणारा असतो. त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही. हा हक्क दुसऱ्याच्या नावे करून द्यायचा तर कलम 19 प्रमाणे तो लेखी आणि हक्क देणाऱ्याच्या सहीने द्यावा लागतो. कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशापुरते आणि मोबदला काय, हे त्यात नमूद असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच. मी ईमेलने पाठवलेल्या प्रवेशिकेवर माझी सहीसुद्धा नव्हती, कारण आपण ती मागितलीच नव्हती. ‘सर्व साहित्याचे सर्व हक्क’ या चार शब्दांत मुदत, प्रदेश, मोबदला यांपैकी काहीही येत नाही. आणि क्षणभर असे धरू की हक्क आपल्याकडे आले, तरी कलम 57 शिल्लक राहतेच. हक्क विकून टाकल्यानंतरही, आपली कृती आपल्या नावाने ओळखली जावी आणि आपल्या नावलौकिकाला बाध येईल अशी तिची मोडतोड कुणी करू नये, हा लेखकाचा अधिकार त्या कलमाने राखून ठेवला आहे. मला न्यायालयात जायचे नाही. तेवढा पैसा माझ्याकडे नाही आणि तेवढा वेळही नाही. पण अकरावा नियम लिहिताना कुणीही हा कायदा समोर ठेवलेला नव्हता, हे मला स्पष्ट दिसते.

यात माझे नुकसान काय झाले, असे मला आपल्यापैकीच एका सदस्यांनी विचारले होते. “उलट तुमची कथा छापून आली, आनंद मानायला हवा,” असे ते म्हणाले. त्यांनी ते चांगल्या भावनेनेच म्हटले असेल, म्हणून शांतपणे उत्तर देते. 1909 साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून मराठीतला नवा कथाकार वाचकांपर्यंत जातो तो बहुतेकदा दिवाळी अंकाच्या वाटेने. दिवाळी अंकाला कथा पाठवायची तर ती इतरत्र प्रसिद्ध झालेली नसावी, अशी अट असते, आणि ती रास्त आहे. म्हणजे कथेचे ‘अप्रकाशित’ असणे एकदाच खर्चता येते. ज्या लेखकाच्या पाठीशी नाव नाही, त्याच्याकडे देण्यासारखे तेवढेच असते. माझे ते आपण माझ्या परवानगीवाचून खर्च केलेत. आता ती कथा मी कोणत्याही संपादकाकडे नवी म्हणून पाठवू शकत नाही. पाठवली आणि त्यांनी आपले पुस्तक पाहिले, तर ते माझ्या नावावर घळाघळा अश्रू वाचतील.

पैशाचे थोडक्यात सांगते. प्रवेश शुल्क 300 रुपये होते. मला एका पानाच्या टायपिंगचे 40 रुपये मिळतात, त्या हिशेबाने ती साडेसात पानांची मजुरी आहे. प्रवेशिका बाद झाल्यावर शुल्क परत आले नाही. पुस्तकाची मानार्थ प्रतही आली नाही. ‘सहभागी लेखकांसाठी 30 टक्के सवलत’ असल्याचे कळल्यावर 350 रुपयांचे पुस्तक मी 245 रुपयांना विकत घेतले, कारण माझ्याच कथेचे काय केले आहे ते मला नीट वाचायचे होते.

या वर्षीच्या नियमपत्रिकेत नवी भर पडली आहे ती 35 वर्षे वयाच्या मर्यादेची. साहित्य अकादमीच्या युवा पुरस्काराला ती मर्यादा आहे, कारण त्याच्या नावातच युवा आहे. आपल्या स्पर्धेच्या नावात अप्रकाशित आहे. मुले मोठी झाल्यावर, सासू-सासऱ्यांचे आजारपण उरकल्यावर किंवा नोकरीतून निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा पेन हातात घेणारी माणसे, आणि त्यांतही बायका, आपल्याला नको असतील तर स्पर्धेचे नाव बदलावे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, तिथे मोजमाप पहिल्या पुस्तकाचे आहे, आणि ते मला अधिक योग्य वाटते.

आपल्या अडचणींची मला कल्पना आहे. स्पर्धेचे काम आपण सगळे नोकरी-व्यवसाय सांभाळून करता, परीक्षकांना नाममात्र मानधन असते, आलेल्या कथा वाचून होता होता तारखा पुढे जातात. निकाल पाच आठवडे उशिरा लागला याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. विजेत्यांबद्दलही नाही. पहिल्या क्रमांकाची कथा मी वाचली आणि ती मला मनापासून आवडली. माझे म्हणणे एवढेच आहे, की स्पर्धेला कथा पाठवणारा माणूस ती वाचण्यासाठी आपल्या हाती सोपवतो, देऊन टाकत नाही, आणि आपली नियमपत्रिका याच्या नेमकी उलट समजूत धरून लिहिलेली आहे.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. अकरावा नियम या वर्षीच्या प्रवेशिका स्वीकारण्याआधी रद्द करावा, आणि त्याजागी असे लिहावे की कथेचे सर्व हक्क लेखकाकडेच राहतील, फक्त पारितोषिकप्राप्त कथा एकदा आणि एकाच पुस्तकात छापण्याची परवानगी संस्था लेखकाच्या सहीने घेईल. निवड न झालेल्या कथांच्या प्रती निकालानंतर नष्ट कराव्यात आणि लेखकांना तसे कळवावे. ‘अप्रकाशित’ म्हणजे काय, ते लेखकाबद्दल आहे की कथेबद्दल, आणि भित्तिपत्रक, वार्षिक अंक, समाजमाध्यमे यांचा त्यात समावेश होतो की नाही, हे चार वाक्यांत स्पष्ट लिहावे. प्रवेशिका बाद करायची असेल तर कारण लेखी द्यावे, खुलाशासाठी निदान आठ दिवस द्यावेत आणि शुल्क परत करावे. परीक्षकांकडे कथा जाताना तिच्यावर लेखकाचे नाव नसावे. गेल्या वर्षी ते होते, कारण प्रत्येक पानाच्या माथ्यावर नाव लिहिण्याची सूचना आपणच दिली होती. संग्रहात घेतलेल्या कथेतला कोणताही बदल, एका शब्दाचाही, लेखकाला प्रूफ दाखवल्याशिवाय छापू नये आणि प्रत्येक लेखकाला एक मानार्थ प्रत द्यावी. वयाची अट काढावी.

माझ्यापुरते एवढेच मागते: संग्रहाच्या शिल्लक प्रतींमध्ये एक शुद्धिपत्र जोडावे आणि त्यात पान 83 वरील कथेची शेवटची दोन वाक्ये लेखिकेची नाहीत, गिरणीवाल्याचे मूळ वाक्य काय होते आणि कथा ‘जाडच’ या शब्दावर संपते, हे छापावे. शुद्धिपत्राचा मजकूर मी टाइप करून, प्रूफ वाचून, छपाईला तयार असा पाठवू शकते. त्याचे पैसे मला नकोत.

हे पत्र आताच लिहिण्याला आणखी एक कारण आहे. आपण हस्तलिखित प्रवेशिका स्वीकारत नाही, त्यामुळे आपल्या स्पर्धेसाठी कथा टाइप करून घ्यायला आसपासच्या गावांतली माणसे माझ्याकडे येतात. परवा एक अंगणवाडी सेविका आल्या होत्या. दोनशे पानी वही, निळ्या शाईतले बारीक अक्षर, खाडाखोड जवळजवळ नाही. बहुधा त्यांनी ती दोन-तीनदा उतरवून काढली असावी. दोन पाने मी तिथल्या तिथे वाचली आणि तिसरे वाचण्यासाठी गिऱ्हाइकाला थांबवून ठेवले. त्यांनी मला विचारले, “ताई, पाठवू का? काही धोका नाही ना?” मी त्यांना आठवडाभर थांबा म्हणून सांगितले आहे. प्रवेशिकांची मुदत अजून तीन आठवड्यांनी संपते. त्यांची वही माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि आपले उत्तर येईपर्यंत मी ती टाइप करायला घेतलेली नाही.

कळावे.

आपली,
गेल्या वर्षीची एक स्पर्धक
बार्शी, जिल्हा सोलापूर